भरलेल्या हंड्यांचा अहवाल

तुझ्या विद्यार्थ्यांनी टेकावरच्या वस्तीला पाणी आहे असं छापून दिलं आणि यंदा वस्तीचा टँकर आला नाही. हे आधी लिहून टाकते, मग आशीर्वाद देते. आशीर्वाद आधी दिला की माणसं पत्र तिथंच मिटवतात, असा मला तुझ्या बापाचा अनुभव आहे.

तर चि. क्रांती हिला आजीचा आशीर्वाद. तब्येत कशी आहे? मागं आलीस तेव्हा खोकत होतीस. तू म्हणालीस खडूची धूळ, मी म्हणते ओले केस बांधून झोपणं. सांगलीसारख्या हळदीच्या गावात राहतेस तर चिमूटभर दुधात टाकून पीत जा, त्याला काही पदवी लागत नाही. इकडं सगळे खुशाल आहेत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. तुझ्या आजोबांचा गुडघा होता तसाच आहे, तोंड मात्र गुडघ्यापेक्षा बरं चालतं. मी बरी आहे. (पत्रात मी ‘आहे’ लिहिते, तोंडात ‘हाय’ येतं. मास्तरांनी चौथीपर्यंत तेवढं वळण लावलं, पुढं वडलांनी लग्न लावलं.) हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू ‘हो आजी, हो आजी’ म्हणतेस आणि त्याच वेळी दुसऱ्या कुणाशी तरी इंग्रजी बोलत असतेस. म्हणून कागद घेतला.

वस्ती तुझ्या डोळ्यांखालची आहे, तरी लिहिते, कारण तुझा अहवाल वाचताना मला ती भलत्याच गावची वाटली. टेकावर दर दारापुढं नळ आहे. पाइप आहे, तोटी आहे, भिंतीवर योजनेची पाटी आहे. पाणी तेवढं चढत नाही. खालच्या टाकीतून निघतं, मारुतीच्या देवळापर्यंत येतं आणि तिथं दमतं. मग वरच्या बाया टेकाच्या पायथ्याला हापशावर येतात. तो लय वेळ दांडा हाणल्यावर खोकतो आणि मग थुंकल्यासारखं पाणी देतो. पाडव्यानंतर हापसाही कोरडा पडतो, तवा तालुक्याहून टँकर सुरू होतो. दरसाल असंच चाललं होतं. चांगलं चाललं होतं असं मी म्हणत नाही, चाललं होतं.

शिमगा झाला आणि तू तुझी पोरं घेऊन आलीस. सरकारची योजना कागदावर कशी आणि गावात कशी हे बघायचं, असं तू सांगितलंस. मारुतीच्या देवळात त्यांना गोल बसवून शिकवलंस, तेव्हा मी खांबाला टेकून वाती वळत बसले होते. तू म्हणालीस, होय किंवा नाही असं उत्तर येईल ते विचारू नका. मोकळं विचारा, आणि माणूस बोलत असताना मध्ये तोडू नका. हे ऐकलं तेव्हाच मला तुझ्या आजोबांची काळजी वाटली. तू म्हणालीस, लोकांची खरी नावं लिहू नका, म्हणजे ती मोकळेपणानं बोलतील. तू म्हणालीस, नुसतं ऐकू नका, गप्प बसून बघा पण. शिकवतेस चांगलं. आवाज खणखणीत आहे, तो माझ्याकडून आला. दुसऱ्या दिवशी परीक्षेची ड्युटी आहे म्हणून तू सांगलीची एसटी धरलीस आणि पोरं माझ्या जिवावर टाकून गेलीस. जाताना तू मला एवढंच म्हणालीस, ‘आजी, यांच्याकडं जरा बघ.’ मी बघितलं. पुढचं सगळं त्याच्यामुळं झालं, म्हणजे तुझ्यामुळं झालं.

नातीचे विद्यार्थी घरोघर जाणार, वस्तीवर पण जाणार. पाहुणा उंबऱ्यात आला की आधी गूळ-पाणी द्यायचं, हे तुला मी सांगायला नको. आणि गुळाबरोबर पाणी द्यायला पाणी लागतं. वस्तीवर शिमग्यापासून रांजणाचा तळ दिसत होता. मी भाऊसोकडं ट्रॅक्टर आणि पाण्याची टाकी मागितली. (आपला सरपंच. पेरणीला शेजाऱ्याला बैल न देणारा माणूस, त्यानं ट्रॅक्टर मागताक्षणी दिला, वर डिझेल पण घातलं. तिथंच मला वास यायला पाहिजे होता, पण मी घाईत होते.) खालच्या टाकीतलं पाणी ट्रॅक्टरनं वर नेलं, रोज पहाटे, पोरं झोपेत असताना. घराघरांतले हंडे, कळशा, रांजण, पार जनावरांच्या पाण्याचं टिप सुद्धा भरलं. वस्तीवरची बनुबाई तेवढी आडवी आली. ती म्हणाली, ‘आवं वैनी, रिकामं हाय तर रिकामं दिसू द्या की. त्येच बघाय आल्यात न्हवं ती?’ मी तिला म्हटलं, पाहुण्याला रिकामी कळशी दाखवायची असंल तर दाराला कुलूप लाव आणि माहेरी जा. तिनं हंडा पुढं केला. बनुबाई माझ्या शब्दाबाहेर कधी गेली नव्हती, तवापर्यंत.

आता तुझ्या पोरांचं सांगते. पोरं वाईट नव्हती. जेवताना ताटात टाकत नव्हती, आणि म्हातारी माणसं दिसली की वाकत होती. एकदा तर शाळेच्या शिपायाच्या पाया पडली, तो बिचारा दिवसभर घाबरून फिरत होता. त्यांतला इंद्रजित नावाचा लांब पोरगा जरा जास्त हुशार, म्हणजे त्याच्यावर लक्ष ठेवावं लागणारा. वहीवर ‘गुणात्मक अभ्यास’ लिहिलंय, ते गुणात्मक म्हणजे काय रे बाबा, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, ‘आजी, आम्ही माणसं मोजत नाही, ऐकतो.’ मला ते आवडलं होतं, खोटं कशाला लिहू. मोजणारे लय येऊन गेले. दारावर खडूनं आकडे टाकून गेले, पुढच्या वर्षी ते आकडे पुसून नवे टाकून गेले. ऐकायला कुणी आलं नव्हतं. ऐकायला आले आणि आमची तोंडं शिवली गेली, हे तुझ्या पुस्तकात कुठं लिहिलं असंल तर बघ.

पहिली मुलाखत तुझ्या आजोबांची झाली, कारण ते ओसरीवरच बसलेले असतात आणि त्यांना ओलांडल्याशिवाय आत येता येत नाही. इंद्रजितनं मोबाइल पुढं ठेवला आणि मोकळं विचारलं, आजोबा, पाण्याचा तुमचा अनुभव सांगा. यांनी बेळगावच्या भरतीच्या नळापासून सुरुवात केली. तिथनं पलटण हलली, सरहद्दीवर बर्फात गेली, तिथं स्टोव्हवर बर्फ वितळवून पाणी कसं करायचं, त्यात रॉकेलचा वास कसा यायचा, एक हवालदार त्या पाण्याचा चहा पिऊन कसा रडायचा, सगळं झालं. मी दोनदा आतून भांडं आपटलं. पण तू मध्ये तोडू नका म्हणाली होतीस, तो पोरगा तोडेना. शेवटी मोबाइलच मेला. आता तुझ्या अहवालात काय छापलंय बघ. ‘एका ज्येष्ठ नागरिकाच्या मते पूर्वी बर्फ वितळवून पाणी प्यावे लागे, त्या मानाने आज परिस्थिती खूपच सुधारली आहे.’ अगं, आपल्या या माळावर, जिथं बाभळीला सावली धरवत नाही, तिथं बर्फ कुणी बघितला? यांना मी ते वाचून दाखवलं, तर म्हणतात, बरोबर लिहिलंय की, सुधारली आहेच.

मग नावाचा घोळ. पोरं बायांना सांगत सुटली की तुमचं नाव आम्ही बदलून लिहू. निम्म्या बाया रुसल्या, आमच्या नावात काय खोट आहे म्हणून. निम्म्यांनी आपापली नावं निवडली. बनुबाईनं तिच्या मेलेल्या सासूचं नाव द्यायला लावलं, तेवढंच तिच्या नावावर काहीतरी चांगलं बोललेलं जमा होईल म्हणाली. आणि मग हौसाक्का म्हणाली, अगं, नावच खोटं लिहायचं म्हटल्यावर बाकीचं खरं कशाला सांगायचं? हे सगळ्यांना पटलं. मला पण पटलं. तू ज्याला मोकळेपणा म्हणतेस त्याला आमच्यात सोंग म्हणतात, आणि सोंग घेतलं की माणूस गोड बोलतं. नळ कसा आहे? छान आहे. पाणी पुरतं का? देवाच्या दयेनं पुरतं. समोर पाहुणा आहे, हातात आपण दिलेला तांब्या आहे, त्यानं त्यातलं पाणी आत्ताच पिलंय, आणि आता त्याला सांगायचं व्हय, की बाबा, तू पिलास ते उसनं होतं? असं कोण सांगंल? तू सांगशील? तुझ्या घरी मी आले आणि डब्यात साखर नसली तर तू शेजारणीकडनं वाटीभर आणतेस. मला माहीत आहे, मी दाराच्या फटीतनं बघितलंय.

बनुबाई सारखी हसत होती असं पण छापलंय. ‘वस्तीतील महिला समाधानी व हसतमुख दिसल्या.’ तिनं माघात नवी कवळी बसवली आहे. ती बसल्यापासून तोंड मिटत नाही तिचं. मयतीला गेली तरी हसतमुखच दिसते, लोकांनी आता बोलावणं सोडलंय.

गप्प बसून बघायचं होतं, ते इंद्रजितनं हापशावर बघितलं. लिंबाच्या सावलीत वही घेऊन बसला, सकाळपासून. आता अनोळखी दाढीवाला बाप्या पाण्याच्या जागी ठाण मांडून बसलाय, तर तिथं लेकीसुना कशा येतील? सगळ्या वर काट्यांच्या वईच्या आडून वाट बघत बसल्या. ऊठ म्हणायची सोय नाही, पाहुणा. तो दुपारी जेवायला उठला की ह्या कळशा घेऊन पळत खाली यायच्या, तो हात पुसत परत आला की ह्या पळत वर जायच्या. त्यानं लिहिलंय की हापशावर गर्दी अजिबात आढळली नाही. कशी आढळंल? गर्दी त्याच्याकडंच बघत बसली होती.

आणि ती गटचर्चा. देवळात बाया गोल बसवल्या, मोठ्या मनानं सासवा-सुना शेजारी शेजारी. एका बाजूला भाऊसोची बायको पाय पसरून. मी पण होतेच, नातीचं काम म्हणून. तुझ्या पोरांतल्या एकीनं विचारलं की वस्तीवर पाण्याचा त्रास कुणाला होतो. सुना पदर सारखे करत बसल्या. एका सुनेनं तोंड उघडलं होतं, पण मी तिच्याकडं बघितलं तशी ती खोकली. पोरांनी लिहिलं, सर्वांचं एकमत दिसलं. माझ्यासमोर कुणी बोलत नाही, त्याला एकमत म्हणत नाहीत.

त्याच्यानंतर गावाचा नकाशा. रांगोळीनं काढा म्हणाले. ही तुझी युक्ती, आणि चांगली होती, बायांना रांगोळी काढायला सांगितलं की त्या विहिरीच्या काठावर पण काढतील. जिथं पाणी येतं तिथं निळा ठिपका, येत नाही तिथं काळा. काळ्यासाठी कोळसा वाटून पण ठेवला होता. आता मला सांग, स्वतःच्या दारावर काळा ठिपका कोण टाकून घेईल? तेही देवळात, मारुतीच्या पुढ्यात? शिवांजलीचं पोट पुढं आलेलं, ती तर म्हणाली, मी काळ्याला हात पण लावणार नाही. (शिवांजली बनुबाईची लेक. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे, तुझ्या मागं बालवाडीत होती.) तिनं आईच्या दाराला निळा ठिपका टाकला, त्याच्याभोवती पाकळ्या काढल्या. मग बाकीच्यांना कमीपणा नको म्हणून सगळ्या दारांना पाकळ्या आल्या. एवढी सुरेख रांगोळी दिवाळीला झाली नव्हती. कोळसा तसाच राहिला, पुजाऱ्यानं त्यानं दात घासले. पोरांनी फोटो काढला, तो तुझ्या अहवालाच्या वरच्या पानावर आहे, आणि खाली लिहिलंय की संपूर्ण वस्तीत एकही काळा ठिपका आढळला नाही.

एक पोरगी तेवढी बरी निघाली. ज्ञानदा, वाईची. तिला चूल फुंकता येत नव्हती, पण फुंकत होती. शेवटच्या दिवशी सगळी बॅगा भरत होती, तेव्हा ती परड्यात माझ्याजवळ आली. म्हणाली, ‘आजी, वस्तीवरचे हंडे बाहेरून ओले होते, पण नळाखालची फरशी कोरडी होती. हे पाणी वर कुणी नेलं?’ मी म्हटलं, औंधच्या यमाईनं. तिनं हातातली वही मिटली. मग मान खाली घालून गेली. मोठ्या माणसाला तोंडावर खोटं पाडायचं नाही, हे तिला घरी कुणीतरी नीट शिकवलंय. तेवढं तू कॉलेजात तिला विसरायला लाव. घरी चांगलं आहे ते, तुझ्या धंद्यात कामाचं नाही.

अहवाल तू पोस्टानं पाठवलास, वर ‘आजीस सप्रेम’ लिहून. मी चष्मा लावून, ओळीवर बोट ठेवून पुरा वाचला. आत माझा पण फोटो आहे, खाली लिहिलंय माहिती देताना ज्येष्ठ महिला. मी माहिती देत नव्हते, फोटो काढणाऱ्याला उन्हात उभा राहू नको म्हणत होते. वाचून मला बरं वाटलं. गावाची शोभा राहिली, नातीचं नाव झालं. कपाटात देवांच्या फोटोशेजारी उभा करून ठेवला. तालुक्याच्या साहेबांनी तोच अहवाल मागवून घेतला आहे, हे तू मला कुठं सांगितलं होतंस?

पाडवा झाला. टँकर शेजारच्या गावाला गेला, आपल्या फाट्यावरनं पुढं गेला. बायांनी हात केले, ड्रायव्हर थांबला, यादी बघून म्हणाला, वस्तीचं नाव न्हाई. ग्रामसेवकाला विचारलं तर तो म्हणाला, कॉलेजनं अभ्यास केलाय, वस्तीवर पाणी आहे, फोटो आहेत. भाऊसो लांब उभा राहून मिशीला पीळ देत होता. त्याच्या योजनेला सांगलीच्या कॉलेजचा शिक्का मिळाला, वर ट्रॅक्टर दिल्याचं पुण्य. त्याला पुन्हा ट्रॅक्टर मागितला, तर तो म्हणाला, दुरुस्तीला टाकलाय. ट्रॅक्टर त्याच्या गोठ्यात उभा आहे. मी बघून आले.

आता बनुबाई खालच्या आळीतनं डोक्यावर पाणी नेते, टेक चढून. शिवांजलीचे वैशाखात दिवस भरतात. बाळंतीण म्हणजे काय काय लागतं हे तुला पुढं कळंल. नुसतं प्यायचं पाणी नाही, न्हाऊ घालायचं, दुपटी धुवायची, शेकायचं, पुसायचं. हापसा आटला आहे. बनुबाईनं जावयाला निरोप धाडलाय, येऊन घेऊन जा म्हणून. त्यांचं गाव विट्याकडं, तिथं नळाला पाणी येतं. पहिल्या बाळंतपणाला आणलेली लेक भरल्या दिवसांची परत पाठवायची, असं आपल्यात मी तरी बघितलं नाही. जावई काही बोलणार नाही, भला आहे. बोलणारे दुसरे असतात, आणि ते पोरीला जन्मभर बोलतात.

मी वर गेले होते. म्हटलं, बनुबाई, पोरीला माझ्या घरी आण, बाळंतपण माझ्याकडं होऊ दे, मला काय जड आहे. ती चुलीत काटक्या सारत होती, तोंड वर केलं नाही. म्हणाली, ‘तुमच्यात पाहुणी म्हणून ठिवू व्हय, वैनी? पाहुण्यास्नी पाणी पुरवायचं तुमाला लय चांगलं जमतं.’ कवळी घातलेली होती, पण हसली नाही. गूळ दिला नाही, पाणी विचारलं नाही. मी उंबऱ्यावरनं परत आले. उतरताना गुडघा धरला, तो वयाचा धरला, दुसरं काही नाही.

तेव्हा तू पोरांना काय शिकवतेस त्यात एवढं घाल. गावात जाताना पाहुणे होऊन जायचं नाही. आज्जी-आजोबा, वाकून नमस्कार, हे सगळं घरी ठेवून जायचं. पहिल्या घरी पाणी दिलं तर नको म्हणायचं. बाई रागावंल, रागावू दे. पाणी नाकारलेली बाई दारातनं आत जात नाही, ती तिथंच उभी राहून बोलायला लागते, आणि मग जे बाहेर पडतं ते लिहून घ्यायचं. सुनांना सासवांशेजारी बसवायचं नाही, त्यांना रानात गाठायचं. माझ्यासारखी म्हातारी मध्ये मध्ये करत असली तर तिला दुसरीकडं पाठवायचं, काहीतरी काम सांगायचं, शेंगा फोडायला बसवायचं. तू माझी नात, म्हणून तुझी पोरं माझ्याकडं उतरली, आणि माझ्याकडं उतरली म्हणून ती माझ्या बाजूची झाली. ज्या गावात आपली आजी आहे तिथं अभ्यास करायचा नाही. शेजारच्या गावात कर, तिथं दुसऱ्या कुणाची तरी आजी असंल, पण ती तुझ्याशी चांगुलपणानं वागणार नाही. आणि तुझी पोरं इथं पुन्हा पाठवू नकोस.

तुझ्या आईला मी हंड्यांचं सांगितलं, तवापासून ती तिकडं तामिळनाडूतनं फोन करून मला समजावते. तुझ्या भावाच्या, जयराजच्या, सोनं गाळायच्या गलाईच्या दुकानात बसून तिला इथलं सगळं दिसतं. म्हणते, आत्या, क्रांतीची नोकरी अजून पक्की नाही, छापलेलं खोटं निघालं तर तिचं नाव जाईल, तुम्ही गप्प राहा. गप्प राहायचं मला कुणी सांगितलं नव्हतं आजवर, तुझ्या आजोबांची पण हिंमत झाली नाही. तुझं नाव जाईल हे खरं असंल. मी त्याचा विचार केला. दोन दिवस केला, जेवताना पण केला. नाव गेलं तर तू दुसरीकडं मिळवशील, शिकलेली आहेस, आवाज खणखणीत आहे. शिवांजलीला वैशाख दुसरा मिळणार नाही.

बाकी ठीक. आजोबा आशीर्वाद सांगतात. त्यांना अहवालाची दुसरी प्रत पाहिजे, पलटणीतल्या एकाला पाठवायची आहे. पाठवू नकोस.

तुझी आजी,
अंजना

ता. क. तालुक्याला टँकरच्या यादीची बैठक अक्षय तृतीयेनंतर पुन्हा आहे. त्याच्या आधी अहवालाला एक पान जोड आणि स्वतः नेऊन दे. त्यात असं लिही, की वस्तीवरच्या घरांतलं सगळं पाणी खालच्या टाकीतनं ट्रॅक्टरनं वर नेलेलं होतं आणि ते अंजना नाथाजी, राहणार खालची आळी, यांच्या सांगण्यावरून नेलं होतं. माझं नाव आहे तसं लिही. तू आईला म्हणालीस म्हणे, की एका माणसाच्या सांगण्यावरून संशोधन बदलत नाही. अगं, ते बिघडलं एका माणसाच्याच सांगण्यावरून. मी चूक केली असं लिहू नकोस, पाहुण्याला पाणी देणं चूक नाही. कुणी भरलं तेवढं लिही. साहेबाला विचारायचं असंल तर मी तालुक्याला यायला तयार आहे, एसटी देवळापाशी थांबते.

ता. क. दुसरा. पोरं पुन्हा पाठवू नकोस असं वर लिहिलंय ते खोडायला गेले, पण शाई पसरते, म्हणून इथं लिहिते. पाठव. न सांगता पाठव, भर दुपारी, थेट टेकावर. मला पण कळवू नकोस. मला कळलं तर मी पुन्हा हंडे भरीन, मला माझा भरवसा नाही.

ता. क. तिसरा. या पत्राचं उत्तर तूच द्यायचं. आईला फोन करायला लावायचं नाही, इंद्रजितकडून मोबाइलवर पाठवायचं नाही. आणि उत्तर मला नको, बनुबाईच्या नावानं लिही. तिला वाचता येत नाही आणि मी तिला वाचून दाखवणार नाही. तू लिहायचं, तू टेक चढून यायचं, आणि तिच्या दारात उभी राहून तूच वाचायचं.